उपवासाचं केळं

त्यांचं आडनाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर जाणकार मंडळी पहिल्याच ओळीत त्यांची पोटजात सांगून मोकळी होतील, आणि जन्मभर त्या माणसाला नेमका तोच जाच झाला. ऑफिसात आम्ही त्यांना साहेब म्हणत असू. तसे ते साहेब कधीच झाले नाहीत. क्लेम्सच्या टेबलावर लागले आणि त्याच टेबलावरून रिटायर झाले. पण कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि बोलण्याआधी घसा साफ करायची सवय, यामुळे नवा माणूस आला की आधी त्यांनाच नमस्कार करायचा आणि मग खरे साहेब कुठे बसतात ते विचारायचा.

मीही तेच केलं. फोर्टातली विमा कंपनी, माझा पहिला दिवस. त्यांनी नमस्कार घेतला, चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "कोण आपण?"

मी नाव सांगितलं.

"ते कळलं. म्हणजे कोण?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. पण तो विचारताना लोक जरा आडवळणाने जातात. गाव विचारतात, आडनाव ऐकू आलं नाही असं दाखवून पुन्हा विचारतात. इतका तोंडावर कोणी विचारला नव्हता. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "बौद्ध. घोडपदेवला राहतो. वडील मिलमध्ये होते. अजून काही?"

"आहे ना. तुमच्यात पोटभाग किती?"

"आम्ही ते सगळं सोडून दिलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सोडता येतं?" त्यांनी विचारलं. त्यात चेष्टा नव्हती. एखाद्याची दारू सुटली म्हटल्यावर दुसरा ज्या आशेने विचारतो, तसं विचारलं होतं. खरं म्हणजे आमचंही पुरतं सुटलेलं नव्हतं. माझ्या भावाचं लग्न ठरवताना आमच्या आईने मुलीच्या घराण्याची तीन जिल्ह्यांत चौकशी केली होती. पण पहिल्या दिवशी एवढं कोण सांगतो.

ब्राह्मणांत देशस्थ, कोकणस्थ, कऱ्हाडे असं काहीतरी असतं, एवढं मला ऐकून माहीत होतं. आम्हाला बाहेरून ते सगळे सारखेच दिसत. साहेबांनी माझं पुढचं शिक्षण केलं. घाटावरचे ते देशस्थ, त्यांच्यात पुन्हा ऋग्वेदी आणि यजुर्वेदी. घाटाखालचे कोकणस्थ. कऱ्हाडकडचे ते कऱ्हाडे. आमटीत चिंच की आमसूल, इथे माणूस पकडला जातो, असं ते म्हणत. पाहुण्याला चहा किती मोठ्या कपातून दिला, पंगतीत हसण्याचा आवाज किती घरं ओलांडून गेला, लग्नात मामाची मुलगी चालते की नाही, सगळं त्यांना पाठ. दादरला कोणाच्या लग्नाला गेलो की मला कोपऱ्यात बसवून येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाटणी करत. नुसत्या माणसांवर ते थांबत नसत. आमच्या खिडकीत कबुतरं बसायची. जाडजूड, घुमणारी, दाणे सांडणारी ती देशस्थ. एक चिमणी यायची, मोजके दाणे उचलून निघून जायची. ती कोणत्या बाजूची, ते सांगायला नको.

आणि एवढं करून माणूस हमखास चुकायचा. एकदा नवे ऑफिसर बदलून आले. घारे डोळे, गोरा वर्ण, शुद्ध मराठी, अर्धा कप चहा. साहेबांनी जाहीर करून टाकलं, पक्के कोकणस्थ, गुहागरच्या आसपासचे. आठवडाभर त्यांच्याशी तसं जपून बोलत होते. नाताळला ऑफिसरांनी घरून केक आणला तेव्हा कळलं की ते वसईचे ख्रिस्ती. साहेब केक खाता खाता मला म्हणाले, "आमटी विचारायची राहिली रे."

ते स्वतः देवरुखे. देवरुखकडचे, एवढाच त्याचा अर्थ. संख्येने थोडे, आणि बाकीच्यांनी जरा अंतरावर ठेवलेले. का, ते कोणालाच धड सांगता येत नाही. त्यांच्या लहानपणी गिरगावात एका मुंजीला वडिलांबरोबर गेले होते. पंगतीत बसायला लागले तर यजमान म्हणाले, "तुमची पानं पलीकडे मांडलीत." वडील काही न बोलता पायांत चपला घालून निघाले. घरी येऊन त्यांनी पोरांना पोहे करून घातले आणि स्वतः खाल्ले नाहीत. हे सांगताना साहेबांचे डोळे भरले.

आणि सांगत कोणाला होते, तर मला. मी म्हटलं, "साहेब, पलीकडे तर पलीकडे. पान तरी मांडलं होतं."

त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "खरंय."

हे बोलणं झालं ते जेवणाच्या टेबलावर. दुपारी ऑफिसात चार-पाच टोळकी जेवायला बसत. मला कोणी बसू नको म्हणालं नव्हतं आणि बस असंही म्हणालं नव्हतं. मी आपला फायलींच्या कपाटामागे एका रिकाम्या टेबलावर डबा उघडला. पाठोपाठ साहेब आले, "इथे कोणी बसतं का?" असं विचारून बसलेच. माझ्या झाकणात त्यांनी फरसबीची भाजी वाढली आणि माझी भाकरी न विचारता मोडून घेतली. तेव्हापासून ते टेबल आमचं झालं. बुधवारी माझ्या डब्यात सुकट असे. त्या दिवशी ते माझी भाकरी आपल्या भाजीशी खात आणि फक्त एवढंच म्हणत, "आज जरा खिडकी उघडू या." माझं लग्न झालं, मुलं झाली, आई गेली. ते सगळं मी त्या टेबलावर जेवता जेवता त्यांना सांगितलं. माझा सख्खा भाऊ आहे, पण त्याच्याबरोबर मी इतकी जेवणं जेवलेलो नाही.

त्यांची बायको कोकणस्थ. हार्मोनियमच्या क्लासात ओळख झाली होती आणि तिच्या वडिलांचा विरोध असताना लग्न केलं होतं. मी त्यांना वहिनी म्हणायचो. वहिनी हसऱ्या, आणि नवऱ्याच्या वेडाला चांगल्या सरावलेल्या. वहिनींचे वडील शिवाजी पार्कला राहत. निवृत्त इंजिनियर, सकाळी मैदानाला फेऱ्या मारणारे, बोलायला अत्यंत सभ्य. दर वर्षी गणपतीत ते गिरगावात लेकीच्या दोन खोल्यांत येत, मूर्तीला नमस्कार करत, खुर्चीवर बसत आणि म्हणत, "आज माझा उपवास आहे."

गणपतीच्या मोदकालाही न चालणारा हा उपवास कुठला, ते साहेबांना कधी कळलं नाही. मग वहिनी त्यांना एक केळं देत. सालीसकट. दूध नको, ते या घरच्या भांड्यात तापलेलं. केळ्याला साल असते, त्याला घराचा दोष लागत नाही. म्हातारा ते स्वतः सोलायचा, सावकाश खायचा आणि साल कुठे टाकू ते विचारायचा. साहेब मला सांगत, "माझ्या सासऱ्यांइतका धार्मिक माणूस मी पाहिला नाही. वर्षातून एकदा येतात आणि नेमका त्याच दिवशी उपवास." मी हसायचो, तेही हसायचे. पण त्या दिवशी त्यांचा डबा अर्धा तसाच परत जायचा.

एकदा त्यांनी सासऱ्यांना सरळ विचारलं होतं. सासऱ्यांनी तितकंच सरळ सांगितलं. "तुम्हाला आम्ही कमी लेखत नाही हो. जुन्या लोकांचा एक समज आहे. देवरुख्यांकडे जेवलं की जेवणाऱ्याच्या घरात काहीतरी अघटित होतं. मी मानतो असं नाही. पण मुद्दाम कशाला?"

या 'मुद्दाम कशाला'ने साहेबांना आतून पोखरलं. शिवी दिली असती तर त्यांनी ती परतवली असती. त्यांना बाकी काही नको होतं. प्रमोशन गेलं त्याचं दुःख केलं नाही, मूल झालं नाही तेही गिळलं. सासऱ्यांनी एकदा आपल्या घरी पोटभर जेवावं, एवढंच त्यांना हवं होतं. वहिनी म्हणत, "जाऊ द्या हो. बाबांना केळी आवडतात."

सासूबाई गेल्या. मेहुणा परदेशात. सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांना सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून वहिनी त्यांना गिरगावात घेऊन आल्या. पहिला दिवस केळ्यांवर गेला. दुसऱ्या दिवशी साहेब पंचांग घेऊन त्यांच्यासमोर बसले. "आज एकादशी नाही, संकष्टी नाही, प्रदोष नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनाही विचारलंय. काहीही चालेल म्हणाले."

एका डोळ्याला पट्टी बांधलेल्या त्या म्हाताऱ्याने पंचांग हाताने बाजूला सारलं. मग हसला आणि लेकीला म्हणाला, "वाढ गं."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्या ऑफिसला पेढे वाटले. कोणी विचारलं तर नुसतं "आनंद आहे" म्हणाले. कपाटामागे आल्यावर माझा दंड धरून म्हणाले, "जेवले रे. आमटी दोनदा मागून घेतली." त्या माणसाला इतका खूश मी पुन्हा कधी पाहिला नाही.

त्याच महिन्यात वहिनी गेल्या. सकाळी ओट्याशी उभ्या होत्या, डोकं दुखतंय म्हणून खाली बसल्या आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. डॉक्टर म्हणाले, ती कधीही फुटली असती.

चंदनवाडीच्या स्मशानात मी होतो. सासरे बाकावर बसले होते. साहेब त्यांच्या शेजारी जाऊन बसले तर त्यांनी जावयाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मी जेवायला नको होतं." आवाजात राग नव्हता. ते स्वतःलाच दोष देत होते. मी दोन पावलांवर उभा होतो, मला ते ऐकू आलं, पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. दुःखात माणूस काहीही बोलतो.

दिवसकार्य आटोपून साहेब ऑफिसला आले. दुपारी मी डबा उघडून वाट बघत बसलो. ते आले नाहीत. बघतो तर जिन्याच्या वरच्या पायरीवर, भिंतीकडे तोंड करून एकटेच जेवत होते. मला वाटलं, दुःख आहे, चालायचंच. पण दुसऱ्या दिवशी तेच, पुढच्या आठवड्यातही तेच. मी माझा डबा घेऊन पायरीवर गेलो तर त्यांनी घाईघाईने आपल्या डब्याला झाकण लावलं. घास तोंडात तसाच ठेवून झाकण लावलं. ते मी पाहिलं आणि मला जे समजायचं ते मी समजलो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. म्हटलं, नातेवाईक जमले असतील, कोणीतरी कान भरले असतील, आणि गेला शेवटी आपल्या वळणावर. ती म्हणाली, "मग? तुम्हाला काय वाटलं होतं?" मला काय वाटलं होतं ते माझं मलाच सांगता येईना. आमचं बोलणं कामापुरतं उरलं.

ते रिटायर झाले त्या दिवशी ऑफिसने जेवण ठेवलं होतं. हार घालून घेतला आणि पानं मांडायच्या आत हे पिशवी उचलून निघाले. मी जिन्यात गाठलं. म्हटलं, "साहेब, एवढं सांगून जा. माझ्या डब्यात अचानक काय झालं?"

"तुझ्या डब्यात?" ते खरोखर चकित झाले. "तुझ्या डब्यात काय होणार?"

"मग झाकण कोणासाठी लावलंत?"

ते कठड्याला धरून उभे राहिले. "तुझी मुलं शाळेत आहेत रे," म्हणाले. "तुला काही झालं तर?"

मला आधी काहीच उमगेना. मग चंदनवाडीतलं वाक्य आठवलं. आमच्या आज्याची सावली पडली तर विटाळ होतो म्हणून त्याला गावात उन्हाची वेळ बघून चालावं लागे. त्याचा मी नातू. आणि माझ्यासमोर एक ब्राह्मण माणूस सांगत होता की त्याचं अन्न मला बाधेल. मला हसू आलं आणि ते अर्ध्यातच थांबलं. मी म्हटलं, "तुम्ही हे मानता?"

"नाही मानत. पण ती गेली ना."

त्यानंतर सासरे गिरगावात आले नाहीत. साहेबच दर रविवारी शिवाजी पार्कला जाऊन त्यांना पेपर वाचून दाखवत. तिथे पाणीही पीत नसत. म्हातारा जाईपर्यंत त्यांनी ते केलं.

मी रिटायर झाल्यावर अधूनमधून गिरगावात चक्कर टाकू लागलो. चाळ रिकामी होत आली होती. बिल्डरने अर्धी बिऱ्हाडं हलवली होती, मेट्रोच्या कामाने भिंतींना तडे गेले होते. साहेब तेवढे चिकटून होते. मी गेलो की आनंद व्हायचा, शेजारचं कुटुंब कोणाचं कोण हे सांगायचे, आता मात्र मन नसल्यासारखं. आणि मग फडताळातून एक केळं काढून माझ्या हातात द्यायचे. सालीसकट. पहिल्यांदा दिलं तेव्हा माझ्या हाताने ते सोलवेना. पुढे मी ते खाऊ लागलो. काय करणार, साल कुठे टाकायची तेही विचारू लागलो.

मागच्या वर्षी एका दुपारी गेलो तेव्हा त्यांचा कुकर नुकताच उतरला होता आणि आमटी उकळत होती. त्यांनी फडताळ उघडलं. मी म्हटलं, "केळं नको. आज जेवणार."

"नाही."

"भूक लागलीय."

"खाली हॉटेल आहे. तुला नात आहे रे. नको तो हट्ट."

मला राग आला, अगदी पहिल्या दिवसासारखा. म्हटलं, "साहेब, आमच्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या दारातून उपाशी पाठवलंय. कारणं त्यांच्याकडेही होती. तुमचं कारण प्रेमाचं असेल. पण मी या दारातून उपाशीच जातोय की नाही, तेवढं सांगा."

ते ओट्याला टेकून उभे राहिले. मला वाटलं, जास्त बोललो. मग त्यांनी मांडणीवरून दोन ताटं काढली. भात, आमटी, लिंबाचं लोणचं. मी जेवत होतो आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "तुमचा भात गार होतोय." तेव्हा कुठे त्यांनी घास घेतला. मी आमटी पुन्हा मागितली. ती मला जरा गोडच वाटली, पण मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "बरा आहेस ना? बायको बरी? मुलगा? सूनबाई? नातीचा खोकला?" सगळ्यांची हजेरी घेतली आणि फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. बायको चहा गाळता गाळता म्हणायची, "आला बघा फोन, सांगा जिवंत आहोत." पण फोनला उशीर झाला की तीच आधी घड्याळाकडे बघायची.

आणि थोड्याच दिवसांत ती मोरीत घसरून पडली. उजवं मनगट मोडलं. तिला उठवताना क्षणभर माझ्या डोळ्यांसमोर ती आमटी आली. आली, हे लिहायलाच हवं. मी असलं काही मानत नाही, माझ्या बापानेही मानलं नाही, तरी आली. मग त्या माणसाच्या आत ती आमटी इतकी वर्षं काय करत असेल, ते मला तेव्हा कळलं.

बायकोनेच घरात सगळ्यांना बजावलं, त्यांना कळता कामा नये. सकाळी फोन वाजला तर डाव्या हाताने तिनेच उचलला. "मी एकदम मस्त आहे, भावोजी. भाकऱ्या चालल्यात." भाकऱ्या सून थापत होती, तो आवाज त्यांना तिकडे ऐकू जात होता. ते खूश झाले. म्हणाले, "मग रविवारी पुरणपोळी करतो. दोघं या."

प्लॅस्टर घेऊन ती जाणार कशी? ती म्हणाली, "या रविवारी नाही जमायचं हो."

पलीकडून त्यांनी हळूच विचारलं, "उपवास आहे का?"

तिने फोन माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली. मी म्हटलं, "उपवास कसला साहेब, ही बहिणीकडे चाललीय. मी येतो की." मी गेलो. त्यांनी पोळ्या स्वतः लाटल्या होत्या, कडा फाटलेल्या, पुरण बाहेर आलेलं. दोन ताटं मांडून आम्ही जेवलो. ते बोलत होते, जुने दिवस काढून हसत होते, आणि माझ्याकडे टक लावून बघत नव्हते. निघताना हिच्यासाठी चार पोळ्या बांधून दिल्या. तिने त्या डाव्या हाताने खाल्ल्या, चारही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना फोनवर सांगितलं की आमच्याकडे अशा कोणालाच जमत नाहीत.

मग एका सकाळी फोन आला नाही. मी लावला तर शेजारच्या बिऱ्हाडातल्या बाईंनी उचलला. झोपेतच गेले होते.

आम्ही दोघं टॅक्सीने गिरगावात पोचलो. त्यांना चटईवर ठेवलं होतं, चेहरा शांत होता. चार-दोन शेजारी, एक पुतण्या, बाकी कोणी नव्हतं. बायको पुढे झाली, वाकून डाव्या हाताने फुलं वाहिली. प्लॅस्टरचा हात तिने पदराखाली घट्ट धरून ठेवला होता.

बाजूला आल्यावर मी हळूच म्हटलं, "आता कशाला झाकतेस?"

"राहू दे," ती म्हणाली. "त्यांना कशाला दिसायला हवा."